टोळीतली मैत्री कोणी मोजायची?

टोळीतल्या पोराचा दिवस कसा जातो, याचं आपल्या डोक्यातलं चित्र बातम्यांनी रंगवलेलं असतं. कोयता, पाठलाग, गाड्यांची तोडफोड, पुढे पोलिसांनी काढलेली धिंड. ज्यांनी अशा पोरांबरोबर वर्षानुवर्षं काढली त्यांची टिपणं मात्र वेगळंच सांगतात. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतल्या १३१३ टोळ्यांवरचं आपलं पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध केलं. तिथपासून आजवरचे अभ्यास वाचले, तर मारामारी हा या आयुष्याचा अगदी लहान तुकडा असल्याचं दिसतं. उरलेला वेळ नाक्यावर उभं राहण्यात, वाट बघण्यात, थट्टामस्करीत, एकमेकांकडून पाचपन्नास उसने घेण्यात जातो. अमेरिकेतल्या टोळ्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माल्कम क्लाइन यांनी तर टोळीचं जगणं कंटाळवाणं असतं, असंच लिहून ठेवलं आहे.

म्हणजे टोळी उभी असते ती एकमेकांच्या उपयोगी पडण्यावर. कोण कोणासाठी काय करतो, कोणाला नाही म्हणता येत नाही, मदत केली नाही तर त्याची काय किंमत मोजावी लागते, हे कळल्याशिवाय एखाद्या पोराला तिथून बाहेर काढायचे प्रयत्न अंदाजपंचेच राहणार. आता हे सगळं टिपायला हाताशी एक साधन आलं आहे. प्रत्येक पोराच्या खिशात मोबाईल आहे. त्यावर दिवसातून चारपाच वेळा प्रश्न पाठवता येतात, छोटे खेळ खेळवता येतात, कोण कोणाजवळ किती वेळ होता हेही नोंदवता येतं. हे साधन खरोखर गुणाचं आहे, असं माझं मत आहे. आणि आज ज्या रीतीने ते वापरता येतं, त्या रीतीने ते टोळीतल्या मुलांवर वापरू नये, असंही माझं मत आहे. ही दोन्ही मतं एकाच कारणातून येतात. संशोधकाला ज्याला सहकार्य म्हणायचं असतं, त्यालाच कायदा कट म्हणतो.

आधी गुण.

सहकार्याचा अभ्यास म्हटलं की ‘कैद्यांचा पेच’ हा खेळ येतोच. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० साली रँड संस्थेत तो मांडला आणि अल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांची गोष्ट जोडली. दोघं पकडले गेले, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. दुसऱ्याचं नाव घेतलं तर आपण लवकर सुटू. दोघंही गप्प राहिले तर दोघांचं भलं. दोघांनीही तोंड उघडलं तर दोघंही बुडाले. पुढची कितीतरी दशकं हा कैद्यांचा खेळ खेळला तो मुख्यतः विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी. २०१३ साली मेनुश खजावी आणि आंद्रेआस लांगे यांनी जर्मनीतल्या फेख्टा इथल्या महिला तुरुंगातल्या खऱ्या कैद्यांना तो खेळायला दिला. दोघांनी एकाच वेळी निर्णय घ्यायच्या प्रकारात विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्क्यांनी सहकार्य केलं आणि कैदी बायकांपैकी ५६ टक्क्यांनी. नेपल्स भागातल्या कॅमोरा टोळ्यांच्या तुरुंगातल्या माणसांवर इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला. तिथे सहकार्य तर भरपूर दिसलंच, शिवाय दगा देणाऱ्याला शिक्षा करायची तयारीही जास्त दिसली. बाहेरून लादलेला नियम स्वतःचं नुकसान सोसूनही त्यांनी झुगारला.

गुन्हेगार म्हणजे फक्त स्वतःपुरतं बघणारा माणूस, ही समजूत इतक्यानेच डळमळते. पण तुरुंगातल्या टेबलावरचा खेळ म्हणजे नाका नव्हे. नाक्यावर समोरचा माणूस अनोळखी नसतो, डाव एकदाच होत नाही, आणि बाकीचे सगळे बघत असतात.

हे बाकीच्यांचं बघणं किती महत्त्वाचं असतं, ते विल्यम फूट व्हाइट यांनी बॉस्टनमध्ये पाहिलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते नॉर्थ एंड या इटालियन वस्तीत राहायला गेले आणि तिथल्या एका नाक्यावरच्या पोरांमध्ये मिसळले. त्यातून १९४३ साली त्यांचं ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ हे पुस्तक आलं. ही पोरं दर शनिवारी रात्री बोलिंग खेळायला जात. त्यांच्यात अॅलेक म्हणून एक जण होता (हे पुस्तकातलं टोपणनाव). आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोघातिघांबरोबर खेळताना अॅलेक फार छान खेळे. त्या हंगामातला एका डावातला सर्वांत मोठा स्कोअर त्याचाच होता. शनिवारी सगळे जमले की मात्र त्याचा हात बिघडायचा. कारण गटात त्याची जागा खालची होती. तो वर सरकू लागला की पोरं त्याला असं काही छेडत की नेम चुकलाच पाहिजे. म्होरक्याच्या पाठीशी मात्र सगळे उभे राहत आणि त्याचा नेम बसे. व्हाइट यांनी पैशांचा व्यवहारही बारकाईने पाहिला. म्होरक्या बाकीच्यांवर जितका खर्च करे, त्याहून कमी ते त्याच्यावर करत, आणि आपल्याहून खालच्याचं देणं अंगावर राहणार नाही याची तो काळजी घेई. पुढारीपण त्या उपकारांच्या उतरंडीवर उभं होतं.

असं टिपण करायला व्हाइट यांच्यासारखी नजर हवी, तीनचार वर्षं हवीत, आणि वस्तीने आपलं म्हणायला हवं. प्रश्नावली घेऊन गेलं की काय होतं, हे सुधीर व्यंकटेश यांनी सांगितलं आहे. १९८९ साली शिकागो विद्यापीठातला हा विद्यार्थी सरकारी घरांच्या एका इमारतीत प्रश्नांचे कागद घेऊन शिरला. काळा आणि गरीब असणं कसं वाटतं, असा त्यातला प्रश्न, आणि उत्तरासाठी ‘फार वाईट’पासून ‘फार चांगलं’पर्यंतचे पर्याय. पोरांनी त्याला रात्रभर जिन्यात बसवून ठेवलं. अशा प्रश्नांनी काही कळणार नाही, आमच्याबरोबर राहून बघ, हा सल्ला त्याला टोळीच्या म्होरक्यानेच दिला.

या दोन टोकांच्या मध्ये मोबाईल येतो. त्याचा पूर्वज म्हणजे पेजर, आणि तोही शिकागोचाच. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी शिकागोजवळच्या ७५ शाळकरी मुलांना आठवडाभर पेजर दिले. तो कधीही वाजायचा. वाजला की आत्ता कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत, कसं वाटतंय हे लिहायचं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं. महिन्यानंतर विचारलं की माणूस आठवणीतून गोष्ट जुळवतो, त्या क्षणी विचारलं की निदान तेवढं तरी टळतं. नेओमी सुगी यांनी न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात हेच स्मार्टफोनवर केलं. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या १३३ पुरुषांच्या सुमारे ८ हजार दैनंदिन नोंदी त्यांनी मिळवल्या. त्यातून दिसलं ते असं: सुटल्यावर ही माणसं कामाच्या शोधात जिवाचं रान करतात, मग पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांचा शोध थांबतो आणि मिळेल ते, एखाद्या दिवसाचं किंवा आठवड्याचं, काम करत ते राहतात. सहा महिन्यांनी ‘नोकरी आहे का?’ असं विचारून हे कधीच दिसलं नसतं.

हीच पद्धत टोळीतल्या पोरांकडे नेली तर काय मिळेल, याची कल्पना करता येते. दुपारी ३ वाजता फोन वाजला: गेल्या दोन तासांत तुझ्याकडे कोणी काही मागितलं का? तू दिलंस का? नको वाटत असताना दिलंस का? शेवटच्या प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप समजून घेऊ शकते. मनाविरुद्ध केलेली मदत आणि मनापासून केलेली मदत बाहेरून सारखीच दिसते. कोणत्या वेळी, कोणासमोर, कशाच्या भीतीने पोरगं ‘चल’ म्हणतं, हे कळलं तर त्याला ‘नको’ म्हणायला कुठे बळ द्यायचं ते कळेल.

आता दुसरी बाजू.

याच फोनला शेजारी कोणते फोन आहेत हेही कळतं. एमआयटीत नेथन ईगल आणि अॅलेक्स पेंटलंड यांनी ९४ जणांना फोन देऊन हे पाहिलं. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. कोण कोणाचा मित्र, हे कोणालाही न विचारता, केवळ जवळ असण्याच्या आणि फोन केल्याच्या नोंदींवरून त्यांना ९५ टक्के मैत्र्या ओळखता आल्या. इव्ह-अलेक्झांद्र द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. नावं काढून टाकल्यावरही एखादा माणूस कुठल्या वेळी कुठे होता असे चार बिंदू मिळाले की ९५ टक्के लोक नेमके वेगळे काढता आले. तेव्हा ‘नाव लिहीत नाही, सांकेतिक क्रमांक देतो’ हे संशोधकाचं आश्वासन फार लांब जात नाही.

एमआयटीच्या विद्यार्थ्याची मैत्री उघडी पडली तर त्याचं फारसं बिघडत नाही. टोळीतल्या पोराचं काय होतं ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दिसलं. जून २०१४मध्ये तिथल्या ग्रँट आणि मॅनहॅटनव्हिल या दोन सरकारी वसाहतींतल्या १०३ तरुणांवर आरोप ठेवले गेले. त्यासाठी तपासलेली सामग्री म्हणजे सोशल मीडियाची १० लाखांहून अधिक पानं आणि तुरुंगातून केलेले ४० हजारांहून अधिक फोन. या वसाहतींमधल्या वैरात माणसं खरोखर मेली होती, हे विसरून चालणार नाही. पण कटाचा आरोप असा असतो की तो हाणणाऱ्यापाशी थांबत नाही. कोणी कोणाला फोन केला, कोणाच्या फोटोत कोण उभं होतं, कोणी शाबासकी दिली, हे धागे जोडत तो पसरतो. जेफ्री लेन या समाजशास्त्रज्ञाने त्याच हार्लेममधल्या पोरांचं रस्त्यावरचं आणि फोनमधलं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा पोरांच्या पोस्ट जसे मित्र आणि वैरी वाचत होते, तसेच पोलीसही वाचत होते.

आपल्याकडचा कायदा याबाबत मागे नाही. १९९९च्या मोक्का कायद्यात अपप्रेरणेची व्याख्या अशी आहे की संघटित टोळीला कोणत्याही रीतीने साहाय्य करणाऱ्या माणसाशी, तो तसा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून, संपर्क ठेवणं किंवा संबंध ठेवणं हेही तिच्यात बसतं. पैशाची किंवा इतर कोणतीही मदतही बसते. ही व्याख्या एका बाजूला ठेवा आणि दुपारी ३च्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या बाजूला. कोणाबरोबर आहेस? त्याने काय मागितलं? तू दिलंस का? संशोधकाने जे मोजायचं ठरवलं, नेमकं तेच फिर्यादी पक्षाला सिद्ध करायचं असतं. प्रश्न चांगल्या हेतूने विचारला म्हणून उत्तराचं स्वरूप बदलत नाही.

यादीत एकदा नाव गेलं की काय होतं, त्याचे दाखले लंडन आणि कॅलिफोर्निया देतात. २०११च्या दंगलींनंतर लंडन पोलिसांनी ‘गँग्ज मॅट्रिक्स’ नावाची यादी केली. तिच्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक काळे होते. न्यूहॅम भागाच्या परिषदेकडून २०० हून अधिक जणांची नावं बाहेर फुटली आणि ती विरोधी टोळ्यांच्या फोनवर पोचली. पुढे ती यादीच बंद करावी लागली. कॅलिफोर्नियाच्या ‘कॅलगँग’ यादीची राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१६ साली तपासणी केली, तेव्हा नोंद करताना वय वर्षाच्याही आत असलेली ४२ मुलं टोळीचे सदस्य म्हणून सापडली. त्यांतल्या २८ जणांनी तसं स्वतः कबूल केल्याचं नोंदलेलं होतं. तान्ह्या मुलाच्या नावावर कबुली लिहिली गेली आणि ती वर्षानुवर्षं कोणाला खटकली नाही.

संशोधक म्हणेल, माझी माहिती पोलिसांकडे जाणार नाही. त्याला वाटतं खरं, पण ते त्याच्या हातात नसतं. बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र लढवय्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. बोलणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत त्या बंद राहतील, असं सांगून केल्या. २०११ साली ब्रिटिश सरकारच्या वतीने समन्स आलं, काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या, आणि २०१४ साली तिथले राजकीय नेते जेरी अॅडम्स यांना चार दिवस कोठडीत ठेवून चौकशी झाली. अमेरिकेत निदान आरोग्य खात्याचं गोपनीयतेचं प्रमाणपत्र असतं. ते मिळालं तर संशोधकाला न्यायालयापुढेही माहिती नाकारता येते. आपल्याकडे संशोधकाच्या हातात असं काहीच नाही. पोलिसांनी लॅपटॉप मागितला की द्यायचा.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. त्या फोनमधल्या नोंदींनी एखादा खून टळणार असेल, तर? मारला गेलेला पोरगाही कोणाचा तरी असतो, आणि बहुतेकदा तो त्याच वस्तीतला, त्याच वयाचा असतो. माझं उत्तर असं आहे: कोणाच्या जिवावर बेतणारी गोष्ट कळली तर आम्ही गप्प बसणार नाही, हे पोराला पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत, सांगायला हवं. आणि मग तशी माहिती जमा होईल असे प्रश्नच विचारायचे नाहीत. आधी गोपनीयतेच्या भरवशावर बोलतं करायचं आणि नंतर विवेक जागा झाला म्हणून पोलीस ठाणं गाठायचं, यात ज्याचा विश्वासघात होतो तो सतरा वर्षांचा असतो.

शिवाय नुसतं लक्ष देण्यानेही टोळी बदलते. लॉस एंजेलिसमध्ये १९६०च्या दशकात समाजकार्यकर्ते टोळ्यांना धरून होते. सहली, बैठका, खेळ चालत. क्लाइन यांनी त्याचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की या उपक्रमांनी टोळी अधिक घट्ट होत होती आणि गुन्हे कमी व्हायच्या ऐवजी वाढत होते. एका टोळीतल्या वीस पोरांना एकसारखे फोन द्यायचे, एकाच वेळी वाजवायचे, एकमेकांना गुण देण्याचे खेळ खेळवायचे, यातून आपण मोजतो आहोत ते सहकार्य आपणच वाढवत नाही ना, हे तपासल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

मग काय करावं? मला डेस्मंड पॅटन यांची वाट पटते. शिकागोच्या टोळ्यांमधल्या मुलांचे ट्वीट अभ्यासताना त्यांनी पूर्वी टोळीत असलेल्या तरुणांनाच जाणकार म्हणून कामावर घेतलं. समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जी ओळ धमकी वाटत होती, ती कित्येकदा तिथल्या रॅपरच्या गाण्यातली निघाली. ते गाणं ऐकत वाढलेल्याला हे ताबडतोब कळलं. कित्येक ‘आक्रमक’ ट्वीटच्या मागे मेलेल्या मित्राचं दुःख होतं. आकड्यांच्या ढिगातून हे दिसत नाही, आणि यंत्राला ते शिकवायचं तर आधी कोणा पोराकडूनच शिकावं लागतं. फॉरेस्ट स्टुअर्ट यांनीही शिकागोच्या दक्षिण भागात पाहिलं की फोनवर दरारा दाखवणारी पोरं प्रत्यक्षात तेवढी हिंसक नसतात. बंदूकही अनेकदा उसनी आणलेली असते.

पुण्यात हे सारं लागू पडतं. गेल्या काही वर्षांत कोयता घेऊन काढलेली रील, ‘भाई’चा वाढदिवस, जामिनावर सुटलेल्याची मिरवणूक हे शहराच्या रोजच्या बोलण्यात आलं आहे. यांत सोळासतरा वर्षांची मुलं बरीच असतात. २०२३च्या सुरुवातीला तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघण्यापर्यंत गोष्ट गेली. विद्यापीठांतून, संस्थांतून आता या मुलांच्या फोनकडे वळायचा मोह होणार. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. पण त्याच कायद्यात संशोधनासाठी सवलतही आहे. तिचा आधार घेऊन उद्या कोणी अर्ज करील.

अशा अर्जात मला काही गोष्टी बघायच्या आहेत. ठिकाण आणि कॉलच्या नोंदी अजिबात घ्यायच्या नाहीत. कोणाबरोबर आहेस हे विचारायचं नाही. नको असताना हो म्हणालास का, एवढंच विचारायचं. नोंद पोराच्याच फोनमध्ये राहील, आठवड्याने त्याची बेरीज तेवढी बाहेर येईल आणि मूळ नोंद पुसली जाईल. फोन बक्षीस म्हणून द्यायचा नाही, कारण आठ हजारांच्या फोनसाठी दिलेली संमती ही गरजेची संमती असते. एका टोळीतली दोनहून अधिक मुलं घ्यायची नाहीत. यात मैत्रीचं जाळं दिसणार नाही, निबंध बारका होईल, मोठ्या नियतकालिकात कदाचित छापलाही जाणार नाही. तरी चालेल. आणि प्रश्नांचा पहिला मसुदा नैतिकता समितीकडे जाण्याआधी, येरवड्याच्या निरीक्षणगृहातून बाहेर पडून आता कामाधंद्याला लागलेल्या चारपाच तरुणांसमोर, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन, ठेवला जावा. ते जे प्रश्न खोडतील ते खोडलेलेच राहावेत.